दगडांची रास

वल्लरीचं कामच मुळी हाडांचं. सिंगापूरमध्ये क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात ती पुरातत्त्व शिकवायची, आणि तिचा अभ्यास होता नवाश्मयुगातल्या माणसांचा. ज्यांनी पहिल्यांदा शेतं केली, गुरं पाळली, एका जागी घरं बांधली, त्या माणसांचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला एका उघड्याबोडक्या बेटावर या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी रचलेली दगडांची एक मोठी रास आहे. लांबून पाहिलं तर गवत उगवलेलं टेकाड वाटतं. जवळ गेलं की एका बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीचं तोंड दिसतं. त्यातून पोटावर सरपटत आत शिरलं की मधोमध माणूस उभा राहील एवढी दगडी खोली. पाच हजार वर्षांची ती रास आता संरक्षित आहे. तिचा एक दगड हलवला तरी गुन्हा. मेंढ्या वर चढू नयेत म्हणून भोवती कुंपण घातलंय. एका वादळात आतल्या छताचा कोपरा खचला. दुरुस्तीआधी आतलं सगळं नीट बाहेर काढून अभ्यासायचं ठरलं, म्हणून वल्लरीला आणि तिच्या सहकाऱ्यांना आत जायची परवानगी मिळाली. काही उन्हाळे ती तिथे जात राहिली.

तिथे मोठ्या माणसांच्या हाडांत मिसळलेली तान्ह्या बाळांची हाडंही होती. काडेपेटीतल्या काडीएवढ्या बरगड्या, नखाएवढे मणके. असं काही दिसलं की बाकीचे हात मागे घ्यायचे आणि वल्लरीला बोलवायचे. तुझा हात हलका आहे, म्हणायचे. ती खाली वाकून ते एकेक हाड ब्रशने मोकळं करायची, कापसावर ठेवायची, आणि संध्याकाळी कुणाशी फारसं न बोलता खोलीवर जाऊन झोपायची.

तिचं स्वतःचं पहिलं बाळ सिंगापूरलाच, चोआ चू कांगच्या दफनभूमीत होतं.

तेव्हा ती आणि शिरीष पुण्याहून इथे येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. शिरीष हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत अकाउंट्स बघायचा, ती पीएचडीला नुकतीच लागली होती. मुलगा झाला तो हृदयात दोष घेऊनच. काचेच्या पेटीत नळ्यांमध्ये काही दिवस राहिला आणि बारशाच्या आधीच गेला. मनगटावरच्या पट्टीवर फक्त ‘बेबी ऑफ वल्लरी’ एवढंच होतं. शिरीषचे वडील, पद्माकर, पुण्याहून फोनवर म्हणाले, “दात आलेले नाहीत रे त्याला. अग्नी द्यायचा नसतो. मातीच द्यायची.” म्हणून माती दिली. इथे जागा कमी, त्यामुळे कुठलीही कबर पंधरा वर्षंच ठेवतात, मग खणून अवशेष बाहेर काढतात आणि ज्यांच्या धर्मात चालतं त्यांना अग्नी देतात, हे तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं. पण त्या दिवशी दोघांना पुढच्या पंधरा मिनिटांचा विचार करवत नव्हता, पंधरा वर्षांचा कोण करणार?

वल्लरीला त्या दिवसातलं एकच स्वच्छ आठवायचं. खड्ड्याच्या कडेला काढून ठेवलेली माती. लाल, चिकट, ओली. पुढे अभ्यास वाढला तसं तिला कळत गेलं की असल्या आंबट, आम्ल जास्त असलेल्या, कायम भिजलेल्या, गरम मातीत काय टिकतं आणि काय टिकत नाही. बेटावरची बाळं दगडाच्या कोरड्या खोलीत, शंखशिंपल्यांच्या वाळूवर निजली होती म्हणून टिकली. इथे मोठ्या माणसाचं थोडंफार राहत असेल. नऊ महिने वाढून पोटातून नुकत्याच बाहेर आलेल्या हाडाचं काही राहणार नाही. हे तिला माहीत होतं. शिरीषला माहीत नव्हतं.

मग ऋता झाली, दोघं कायमचे रहिवासी झाले, क्लेमेंटीत फ्लॅट घेतला. पंधरा वर्षं झाली तेव्हा कोविडचा काळ होता, त्यामुळे खणायचं काम लांबलं. लांबलं म्हणजे टळलं, असं घरात कुणी म्हणालं नाही, पण दोघं तसंच वागू लागले.

एका रविवारी ते ईस्ट कोस्टला गेले होते. तेरा वर्षांची ऋता सायकल घेऊन पुढे गेली होती. शिरीष चालता चालता थांबला, मोबाईल खिशात ठेवला आणि समुद्राकडे बघत म्हणाला, “आपल्या भागाचा नंबर आलाय. पुढच्या महिन्यात.”

“कसला नंबर?”

“बाळाचा.”

वल्लरी बाजूच्या बाकावर बसली. समोरून दोन म्हाताऱ्या चिनी बायका हात जोरजोरात हलवत चालत गेल्या. लांब क्षितिजावर नेहमीसारखी जहाजं उभी होती.

“यंदा अठराचा झाला असता,” शिरीष म्हणाला. “केस कापून सैन्यात, नॅशनल सर्व्हिसला गेला असता. तू कुरकुर केली असतीस.”

“हं.”

“तेव्हा मला धरू दिलं नव्हतं गं. तुला शेवटी तरी मांडीवर दिला. मी काचेतूनच पाहिला, आणि मग एकदम ती बंद शवपेटी. आता निदान हाडं तरी हातात येतील.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. पण शिरीषच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून तिने ते मिटलं. एवढ्यात ऋता परत आली, घामाघूम, आणि तिला उसाचा रस हवा होता.

दुसऱ्या दिवशी तिने दफनभूमीचं काम बघणाऱ्या कार्यालयात फोन केला. पलीकडची बाई फार नम्र होती.

“अजून थोडी वर्षं ठेवता येणार नाही का?” वल्लरीने विचारलं.

“नाही, मॅम. तो सगळा भागच मोकळा करायचा आहे.”

“बरं. मग मला स्वतःला काढू द्या. मी हेच काम करते. पुरातत्त्वज्ञ आहे.”

“कुटुंबाने मांडवात बसायचं असतं, मॅम. खणायला ठेकेदाराची माणसं आहेत. खड्ड्याजवळ बाकी कुणाला सोडत नाहीत, सेफ्टीसाठी.”

“तान्ह्या बाळाचं हाड आणि खडा, यातला फरक त्यांना कळणार नाही.”

“त्यांनी हजारो काढलीत, मॅम.”

“मोठ्यांची काढली असतील.”

मग ती बाई हळू आवाजात म्हणाली, “आय अंडरस्टँड, मॅम. बट कॅनॉट. सॉरी, हां.”

आणि खरंच तिला कळलं होतं, हे वल्लरीला जाणवलं. भांडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात बेटावरून निरोप आला. राशीच्या छताची दुरुस्ती संपली होती. अभ्यासासाठी काढलेली हाडं आता मूळच्या खोलीत, ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात परत ठेवायची होती. वल्लरीने काढलेली बाळंही. कुठलं कुठे होतं ते तिनेच खात्री करून सांगायचं होतं. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून फोटो बघत बसली. ऋता शेजारी येऊन उभी राहिली.

“आई, ही सगळी एकाच ठिकाणी? मिक्स करून?”

“हो. त्यांच्यात एकेकट्याची कबर नव्हतीच. कुणी गेलं की सरपटत आत जायचं, आधीची हाडं बाजूला सारायची, नव्याला जागा करायची. मग पुन्हा कुणी गेलं की पुन्हा तसंच.”

“म्हणजे सारखं ओपन करायचे? सो क्रीपी, लाह.”

“त्यांना नव्हतं तसं वाटत. ही रास त्यांच्या घरांच्या दारातून दिसायची. सकाळी गुरं सोडताना दिसायची, बार्ली कापताना दिसायची. बाहेर अंगणासारखी जागा आहे ना, ही बघ, तिथे चुलींची राख सापडली आम्हाला, बैलांची हाडं सापडली. सगळी वस्ती तिथे जमून जेवायची. कधी कधी आतून एखादी कवटी बाहेर आणायचे आणि परत नेऊन ठेवायचे. तीस-पस्तीसच्या पुढे फार थोडे जगायचे गं. जिवंत माणसं कमी आणि आतली जास्त. मग घर म्हणजे दोन्ही मिळून.”

“मग बाळाची आई कुठली, कसं कळणार?”

“नाही कळत. आजीआजोबांच्या बरगड्यांत पोरं ठेवलीयत. सगळी सगळ्यांची.”

ऋता बराच वेळ फोटो बघत राहिली. आपल्याला एक दादा होता हे तिला माहीत होतं, पणजोबांचं गाव माहीत असावं तसं.

“मग आपला दादा का नाही ठेवत ते लोक? हे किती जुने आहेत, यांना कुणी शिफ्ट व्हायला सांगत नाही.”

“इथे जागा नाही, ऋता.”

“त्या मेंढ्यांना आहे.”

वल्लरीने लॅपटॉप मिटला. “मी पण येणार त्या दिवशी,” ऋता म्हणाली. आतल्या खोलीतून शिरीष म्हणाला, “तुझी शाळा आहे,” आणि विषय तिथे संपला.

ठरलेल्या दिवशी दोघं पहाटेच निघाले. शिरीषने लिटिल इंडियातून पांढरं सुती कापड आणलं होतं, धुऊन, इस्त्री करून. वल्लरीच्या बॅगेत बारीक चाळणी, ब्रश आणि पाण्याची बाटली होती. चाळणी बघून शिरीषने काही विचारलं नाही. तिचं नेहमीचं सामान, एवढंच त्याला वाटलं असेल.

रात्री पाऊस पडून गेला होता. मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत एक तमिळ म्हातारी आपल्या मुलांबरोबर बसली होती. कामावरच्या मुकादमाचं नाव सेल्वम. त्याने येऊन नाव विचारलं, कबरीचा आकडा ताडून पाहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “तुमचं लगेच घेतो. लहान आहे. वेळ लागणार नाही.”

मांडवातून खड्डा दिसत होता, पण आतलं दिसत नव्हतं. यंत्राने वरचा थर आधीच काढला होता. दोन माणसं आत उतरली. फावड्याचा मातीत रुतून सुटतानाचा चिकट आवाज तेवढा ऐकू यायचा. वल्लरीला तो आवाज ओळखीचा होता. फावडं कुठल्या कोनात लागतंय, किती जोरात लागतंय, सगळं तिला कानांनी कळत होतं, आणि प्रत्येक वेळी तिचे हात मांडीवरून उचलले जात होते. शिरीष कापड दोन्ही तळव्यांवर धरून उभा होता.

सेल्वम परत आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं.

“सर, काही नाही. लहान बाळांचं असंच असतं. आम्ही तिथली माती देतो, त्यावरच विधी करतात सगळे.”

“अजून खणा,” शिरीष म्हणाला.

“सर...”

“जरा अजून. नीट बघा. असतील.”

त्यांनी अजून खणलं. सेल्वमने खड्ड्याच्या कडेला उभं राहून आत बघितलं आणि मांडवाकडे वळून मान हलवली. शिरीष समोरची खुर्ची ढकलून खड्ड्याभोवती बांधलेल्या दोरीपर्यंत गेला. वल्लरीने त्याचा दंड धरला आणि सेल्वमला हाक मारली.

“मला आत नका सोडू. पण तळाची माती बादलीत इथे आणून द्याल? माझ्याकडे चाळणी आहे. थोडाच वेळ.”

सेल्वमने पुढच्या कबरींच्या रांगेकडे पाहिलं. मग म्हातारीकडे. म्हातारीला सगळं कळलं असावं. तिने हाताने खूण केली, होऊ दे. बादली आली.

वल्लरी मांडवाच्या कडेला खाली बसली आणि माती चाळणीवर घेऊन पाणी ओतू लागली. तिला ठाऊक होतं की शोधण्यासारखं एकच आहे. कानाच्या आतलं हाड. माणसाच्या अंगातलं सगळ्यात घट्ट हाड तेच, बाळांचंही. बेटावर ती ते चुटकीसरशी ओळखायची. शिरीष इस्त्रीच्या पँटनिशी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि चाळणीत उरलेला एकेक कण उचलून तिला दाखवू लागला.

“हे?”

“खडा आहे.”

“हे बघ, हे पांढरं आहे.”

“मूळ आहे रे. वाळलेलं.”

“हे?”

“नाही.”

बाटली संपली. कुणीतरी दुसरी आणून दिली. बादलीच्या तळाच्या मातीतून एक छोटी, गोल चकती निघाली. शिरीष पुढे झुकला. वल्लरीने ती अंगठ्याने पुसली. हॉस्पिटलच्या झबल्याचं टिचबटण होतं, प्लॅस्टिकचं. फिकट निळा रंगही तसाच होता. ते झबलं तिनेच घातलं होतं त्याला, शेवटचं.

“बटण आहे,” ती म्हणाली.

शिरीषने ते घेतलं. मातीत बसून दोघं त्या बटणाकडे बघत राहिले. मग शिरीषने मान वर न करता विचारलं, “तुला माहीत होतं ना?”

“हो.”

“कधीपासून?”

“खूप वर्षं झाली.”

“बोलली का नाहीस?”

“तू म्हणालास, हातात येतील.”

तो चिडला असता तर तिला सोसलं असतं. तो फक्त “बरं” म्हणाला, बटण शर्टाच्या खिशात टाकलं आणि कापड जमिनीवर पसरलं. तिने चाळलेली माती ओंजळीने त्यावर ठेवली. त्याने चारी टोकं उचलून गाठ मारली आणि ते बोचकं दोन्ही हातांत घेऊन, एक हात खाली, एक हात वर, तान्ह्या बाळाला धरतात तसं छातीशी धरलं. ओलं होतं ते. त्याचा शर्ट लाल झाला.

विधी करायला एक तरुण तमिळ पुजारी होता. त्याने कापूर पेटवला आणि इंग्रजीत विचारलं, “नाव काय?”

वल्लरी म्हणणार होती, नाव ठेवलं नव्हतं. तिच्या ओठांवर ते आलंच होतं.

“अमेय,” शिरीष म्हणाला.

न अडखळता म्हणाला, रोजच्या वापरातलं असावं तसं. पुजाऱ्याने मंत्रात ते नाव गुंफलं, त्याच्या उच्चारात ते ‘अमेया’ झालं. वल्लरी शिरीषकडे बघत राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी विद्युतदाहिनीत त्या बोचक्याला अग्नी दिला. अग्नी द्यायचा नसतो म्हणणारे सासरे केव्हाच गेले होते. नाहीतर त्यांना काय सांगायचं हाही एक प्रश्न होता. कापड जळालं. माती कुठली जळणार? मडक्यात परत मिळाली ती आणखी लाल आणि खडखडीत होऊन. एकदा भाजलेली माती मग सहसा विरघळत नाही. जगात सगळीकडे खणताना खापरांच्या रूपात तीच आधी सापडते, हे वल्लरी दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगायची. पण ती ठेवून घ्यायची नव्हती. संध्याकाळी बोटीतून थोडं आत नेऊन त्यांनी ती समुद्रात सोडली. राखेसारखी ती पसरली नाही. डबकन बुडाली, एवढंच.

घरी ऋता दारातच उभी होती. “मिळालं?” तिने विचारलं. शिरीष नाही म्हणाला आणि अंघोळीला गेला. ऋताने आईकडे पाहिलं. “मग इतका वेळ तुम्ही काय करत होता?” तिच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावर काढायचा हे तिलाही कळत नव्हतं. वल्लरीने तिला जवळ घेतलं. पोरगी उंच झाली होती, तिचं डोकं आता हनुवटीखाली बसेना.

नंतरचे काही दिवस घर नेहमीसारखं चाललं. वल्लरीने बेटावरच्या सहकाऱ्यांना कुठलं बाळ कुठल्या कोपऱ्यात ते कळवलं. इकडे येऊन स्वतः ठेवतेस का, असं त्यांनी विचारलं होतं. तिने सेमिस्टरचं कारण सांगून नाही म्हटलं.

एका सकाळी शिरीष आणि ती बरोबरच खाली उतरली, क्लेमेंटी स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेली. तिची विद्यापीठाची बस खालून सुटायची, तरी ती त्याच्याबरोबर वर आली. फलाटावर गर्दी होती. वल्लरीने शेवटी विचारलं, “नाव कधी ठेवलंस?”

“तेव्हाच. त्याच आठवड्यात.”

“आणि मला...”

“तू तेव्हा ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतीस. मग ऋता झाली. मग राहूनच गेलं.” तो रुळांकडे बघत होता. “रोज ट्रेनमध्ये चढताना एकदा म्हणायचो मनात. चल अमेय, असं. सवय लागली.”

“चल अमेय?”

“हो.”

तिला खूप काही विचारायचं होतं. तो मोठा होत गेला का त्याच्या मनात, का तेवढाच राहिला? पुरल्यापासून आजपर्यंत तिच्याजवळ फक्त माती होती, तिची ओल, तिचा आंबटपणा. शिरीषजवळ एक मुलगा होता आणि त्याच्याबरोबर तो रोज हार्बरफ्रंटला जात होता. तिने ते नाव मनात म्हणून पाहिलं. कुणा दुसऱ्याच्याच मुलाचं वाटलं. पुन्हा म्हटलं. तरी तसंच.

गाडी आली. दारं उघडली. शिरीष आत शिरला, वर हात करून कडी धरली आणि सवयीने त्याचे ओठ किंचित हलले. मग त्याचं त्यालाच कळलं असावं. तो तसाच ओठ अर्धवट उघडे ठेवून काचेतून तिच्याकडे बघत राहिला, आणि दारं मिटली.